पाणी किती, तसे पाणी कसले?

सभासद बंधू-भगिनींनो,

गट सभेत कालव्याचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला : आवर्तन कधी सुटणार आणि पाणी किती मिळणार? पाणी कसले, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज त्याबद्दलच चार शब्द लिहितो.

पुण्याचेच बघा. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठते. त्यातूनच शहर पिते आणि त्यातूनच हवेली, दौंड, इंदापूरची शेती भिजते. शहर वाढले तसा त्याचा वाटा वाढला आणि कालव्याला ओढ बसली. शहराला पाणी देऊ नका, असे कोणी म्हणणार नाही. आपलीच पोरे तिथे नोकरीला आहेत. पण शहर पाणी वापरते, संपवीत नाही. घरात शंभर लिटर गेले तर साधारण ८० लिटर गटारात येते. म्हणूनच ते शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलायचे आणि जुन्या बेबी कालव्यात सोडायचे ठरले, वर्षाला साडेसहा टीएमसी. कल्पना चांगलीच आहे. इस्रायलात तेल अवीवचे शुद्ध केलेले सांडपाणी नेगेवच्या वाळवंटात शेतीला जाते.

पण सारी मेख ‘शुद्ध करून’ या दोन शब्दांत आहे. मागे टंचाईत आपल्या एका सभासदाने नाल्याचे मैलापाणी उसाला सलग दिले. पहिल्या वर्षी ऊस काळाभोर, बघत राहावा असा. पुढे जमिनीवर पांढरा खार फुटला आणि खोडव्याला फुटवेच आले नाहीत. शिवाय या पाण्यात नत्र असते. वरून युरियाचा नेहमीचा डोस पडला की ऊस माजतो, लोळतो, उशिरा पक्व होतो आणि उतारा घसरतो. तो फटका एकाला नव्हे, सगळ्यांच्या भावाला बसतो.

माझे मत सरळ आहे. टीएमसीचा हिशेब मागतो तसा शुद्धतेचाही मागावा. पाणीवापर संस्थांनी दर आवर्तनाला पाणी तपासणीचा दाखला घ्यावा. आपणही माती-पाणी तपासून नत्राची मात्रा बेताची ठेवावी, निचऱ्याचे चर काढावेत. पाणी देणाऱ्याच्या पायात गमबूट असावेत. कोथिंबीर, मेथी त्या पाण्यावर करू नये.

शहराने वापरलेले पाणी घेण्यात कमीपणा नाही. घाण पाणी मुकाट्याने घेण्यात आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी