वावर आपलं, तरी लायसन्स खिशात

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसरच्या पट्ट्यात आंबिया बहाराची संत्री रंगावर येतात, त्याच सुमारास कापूस फुटलेला असतो, तूर वाढलेली असते आणि मका अजून वावरात उभा असतो. रानडुकरांचे कळप याच दिवसांत रात्री उतरतात. मग जागल सुरू होते. कुणी डबे वाजवतो, कुणी फटाके फोडतो, कुणी माळ्यावर बसून बॅटरीचा झोत फिरवत राहतो. ज्या घरात लायसन्सची बंदूक आहे, तिथला माणूस ती खांद्याला लावून बांधावर जातो. बंदूक कायद्याची, वावर बापजाद्यांचं. तरीही गस्तीची गाडी डांबरी रस्त्यावरून वळून बांधाशी थांबली की त्याच्या पोटात गोळा येतो.

अशा वेळी माणसं दोन तऱ्हांनी चुकतात. काही जण आवाज चढवतात: वावर माझं, बंदूक माझी, विचारणारे तुम्ही कोण? काही जण घाबरून बंदूक पऱ्हाटीत लपवतात, नाहीतर गड्याच्या हातात देऊन बाजूला होतात. पहिल्यात साधी चौकशी भांडणावर जाते. दुसऱ्यात तर निर्दोष माणूस स्वतःच्या हाताने गुन्ह्यासारखा देखावा उभा करतो. दोन्हीचं मूळ एकच आहे. लायसन्स हातात पडलं त्या दिवशी त्याचा अर्थ शेतकऱ्याला कुणी नीट समजावून सांगितलेला नसतो.

शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 19 या प्रसंगासाठीच आहे. शस्त्र बाळगून असलेल्या कोणत्याही माणसाकडे कोणताही पोलीस अधिकारी लायसन्स मागू शकतो. हे कलम रस्ता, बाजार आणि स्वतःचं वावर असा भेद करत नाही. त्यामुळे ‘मी माझ्याच जागेत आहे’ हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत स्वतःच्या जमिनीवर बंदूक घेऊन फिरायला परवानाच लागत नाही, आणि काही संशय असल्याशिवाय पोलिसाने अशा माणसाला थांबवावं की नाही यावर तिथे खटले चालतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये हेलर खटल्यात घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा नागरिकाचा घटनादत्त हक्क मानला. मोबाइलवर तिकडचे व्हिडिओ पाहून इकडच्या पोलिसाशी तसंच बोलू पाहणाऱ्या तरुणांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा. भारतात बंदूक बाळगणं ही सरकारने अटींवर दिलेली परवानगी आहे.

हे असं का झालं, याला इतिहास आहे आणि तो या मुलखाच्या अगदी जवळचा आहे. 1857 नंतर इंग्रजांनी आधी लोकांची हत्यारं काढून घेतली आणि 1878 च्या कायद्याने लायसन्सची सक्ती पक्की केली. युरोपीय माणसाला सूट होती, इथल्या शेतकऱ्याला नव्हती. त्या कायद्याविरुद्ध 1927 मध्ये नागपुरात मंचरशा आवारी यांनी शस्त्रसत्याग्रह केला. सत्याग्रही उघडपणे तलवारी घेऊन रस्त्यावर उतरले आणि आवारी तुरुंगात गेले. तेव्हा सौंसर आणि पांढुर्णा ज्या मध्य प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूरच होती. 1931 च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत मात्र तो आला नाही, आणि 1959 च्या कायद्याने लायसन्सची चौकट कायम ठेवली. कर्नाटकातल्या कोडगूमधल्या कोडवांना आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना लायसन्समधून मिळालेली जुनी सूट आजही चालू आहे, 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उचलूनही धरली. बाकी देशासाठी नियम एकच आहे.

पण कलम 19 पोलिसाला मोकळं रान देत नाही. ते पायरीपायरीने चालतं आणि हा क्रम पोलिसालाही पाळावा लागतो. आधी लायसन्स मागायचं. ते दाखवता आलं नाही, किंवा लायसन्सशिवाय शस्त्र बाळगण्याचा अधिकार सिद्ध करता आला नाही, तर नाव आणि पत्ता विचारायचा. गरज वाटली तर शस्त्र जप्त करायचं. विनावॉरंट अटकेचा अधिकार या कलमात येतो तो सगळ्यात शेवटी: माणूस नाव-पत्ता सांगायला नकार देतो, खोटा सांगतोय असा संशय येतो, किंवा तो पळून जाईल असं वाटतं तेव्हा. म्हणून बांधावरच्या माणसाचं काम अवघड नाही. गाडी दिसताच बंदूक हलवू नये. अंधारात नळी कुणाकडे वळली, हे समोरच्याला कळत नाही आणि तोही घाबरलेला असतो. बॅटरीच्या उजेडात दोन्ही हात दिसू द्यावेत, बंदूक भरलेली आहे की रिकामी हे तोंडाने सांगावं, अधिकारी सांगेल तशी ती खाली ठेवावी आणि मग लायसन्स काढावं. नाव-पत्ता खरा सांगावा. मोबाइलमधला फोटो ताडून पाहायला उपयोगी पडेल, पण कलम मागतं ते लायसन्स. ते घरातल्या कपाटात आणि बंदूक वावरात, ही फारकत आधी थांबवली पाहिजे.

लायसन्स दाखवल्यावर पुढचे प्रश्न येतात. काडतुसं किती घेतली, किती उडवली, परवा बार कुणी काढला? इथे नागरिकाने दोन गोष्टी मनाशी पक्क्या ठेवाव्यात. तपासात पोलिसांनी विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं देणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 180 नुसार बंधनकारक आहे; मात्र ज्या उत्तराने माणूस स्वतःच गुन्ह्यात गोवला जाईल ते देण्याची सक्ती नाही. घटनेचं कलम 20(3) हेच सांगतं आणि 1978 च्या नंदिनी सत्पथी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण पोलीस चौकशीच्या टप्प्यावरही लागू असल्याचं स्पष्ट केलं. गप्प राहणं आणि खोटं बोलणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ‘याचं उत्तर वकिलाशी बोलून देतो, साहेब’ असं शांतपणे म्हणता येतं. दुसरी गोष्ट, पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर त्याच संहितेच्या कलम 181 नुसार सही लागत नाही. जप्तीचा पंचनामा वेगळा. तो मात्र वाचूनच सही करावी. या दोन तालुक्यांत घरोघरी मराठी बोलली जाते आणि ठाण्याचं सगळं लिखाण हिंदीत होतं. बोलणं बहुतेकांना कळतं, पण घाईत लिहिलेला सरकारी हिंदी कागद वाचणं सगळ्यांना जमतं असं नाही. ‘वाचून दाखवा, मग सही करतो’ असं म्हणण्यात कुणाचा अपमान नाही. बंदूक नेली तर तिचा नंबर लिहिलेली पावती किंवा पंचनाम्याची प्रत तिथेच मागावी.

साठीच्या पुढच्या माणसांना आणखी एक आधार आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. साठ वर्षांवरच्या पुरुषाला किंवा कोणत्याही स्त्रीला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही. संहितेच्या कलम 179 नुसार पोलिसांनी त्यांच्या राहत्या ठिकाणी यायचं असतं. घराच्या झडतीलाही मर्यादा आहेत. वावरात बंदूक घेतलेल्या माणसाला लायसन्स मागणं वेगळं आणि घरात शिरून पेट्या उघडणं वेगळं. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर अधिकाऱ्याला कारणं आधी लेखी नोंदवावी लागतात, आणि 1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण करणं कलम 105 ने आवश्यक केलं आहे.

सगळ्यात मोठी चूक मात्र पोलीस येण्याच्या कितीतरी आधी घडते. मालक जेवायला घरी जातो आणि बंदूक सालदाराकडे किंवा मुलाकडे ठेवून जातो. लायसन्स माणसाच्या नावावर असतं, घराच्या किंवा वावराच्या नावावर नसतं. शस्त्र अधिनियमाच्या कलम 3 मध्ये सवलत आहे, पण ती चिंचोळी: लायसन्सधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी परवानगीने, आणि तेही दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. जागल करणाऱ्या सालदाराचं नाव लायसन्सवर नोंदलेलं नसेल तर तो विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद होऊ शकते. सालाच्या मजुरीवर राबणाऱ्या माणसाला मालकाच्या सोयीपायी तुरुंग दिसावा, हा अन्याय आहे आणि तो मालकाने टाळायचा आहे. मालकही सुटत नाही. 1972 च्या गुनवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ताबा म्हणजे केवळ हातात असणं नव्हे. जाणीव आणि नियंत्रण असेल तर वस्तू दुसऱ्याकडे असली तरी ताबा राहू शकतो. याच राज्यातून गेलेला हा खटला पुढच्या कितीतरी शस्त्रखटल्यांत आधाराला घेतला गेला.

मग सीमा. पांढुर्ण्याच्या पलीकडे वरूड, सौंसरच्या पलीकडे नागपूर जिल्हा. सोयरीक, बाजार, मजूर, सगळं इकडून तिकडे चालतं. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर तहसील मध्य प्रदेशात राहिली, तरी माणसांनी ती रेघ मनात कधी ओढली नाही. लायसन्सवर मात्र ती ओढलेली असते. त्यावर वैधतेचं क्षेत्र लिहिलेलं असतं. ते मध्य प्रदेशापुरतं असेल तर पलीकडच्या सासऱ्याच्या बगीच्यात डुक्कर हाकायला बंदूक नेणं हा गुन्हा आहे, मग जमीन कुणाचीही असो.

आणि डुकरावर गोळी? पीकरक्षणाचं लायसन्स म्हणजे शिकारीची परवानगी, हा समज या भागात खोलवर रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार रानडुक्कर संरक्षित आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. तो कागद नसताना डुक्कर मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अंगावर धावून आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर तो गुन्हा नाही, पण ही गोष्ट लगेच वनखात्याला कळवलेली बरी. लपवलेलं जनावर खरी हकीकतही खोटी करून टाकतं. संत्री चोरणाऱ्या माणसावर बार काढण्याचा तर विचारही करू नये. निव्वळ चोरीसाठी जीव घेण्याचा अधिकार खासगी बचावाच्या तरतुदी देत नाहीत.

बंदूक नाही म्हणून पाइपात कार्बाइड भरून आवाज काढणारेही आहेत. ऑक्टोबर 2025 च्या दिवाळीत भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेरकडे याच कार्बाइड गनने कितीतरी मुलांचे डोळे जायबंदी केले आणि प्रशासनाने तिच्यावर बंदी आणली. कुंपणात वीज सोडणं त्याहून वाईट. त्यात डुकराआधी माणूस सापडतो.

निवडणुकीत बंदुकीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पांढुर्णा जिल्हा 5 ऑक्टोबर 2023 ला अस्तित्वात आला, चारच दिवसांनी विधानसभेची आचारसंहिता लागली आणि 17 नोव्हेंबरला मतदान झालं. म्हणजे ऐन जागलीचे दिवस. निवडणुकीत बंदुका ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने जिल्हास्तरीय छाननी समितीची पद्धत घालून दिली: सरसकट नव्हे, तर जामिनावर असलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले यांची प्रकरणं एकेक करून तपासायची. ही छाननी झाली पाहिजे अशी मागणी शेतकऱ्याने अर्ज देऊन करावी. हुकूम आला असेल तर बंदूक जमा करावी, पावती घ्यावी आणि निकालानंतर ती लगेच मागावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात होणाऱ्या गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेच्या वेळीही जमावबंदी लागते. त्या दिवशी जाम नदीच्या आसपास राहणाऱ्यांनी बंदूक घरातच ठेवावी.

नव्या जिल्ह्यात एक काम सहज करण्यासारखं आहे. अनेकांच्या लायसन्सवर अजून जुन्या छिंदवाडा जिल्ह्याचा शिक्का आहे. ते नूतनीकरणाला पांढुर्ण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात येतील, तेव्हा प्रत्येकाच्या हाती मराठीत आणि हिंदीत छापलेला एक कागद द्यावा: लायसन्स कुठपर्यंत चालतं, बंदूक कोण हाताळू शकतं, पोलिसांनी विचारलं तर काय दाखवायचं आणि जप्तीची पावती कशी मागायची. तोच कागद पांढुर्णा आणि सौंसरच्या ठाण्यांत नव्याने येणाऱ्या शिपायालाही द्यावा. जिल्हा प्रशासनाने हे पुढच्या जागलीच्या हंगामाआधी करावं.