मेघांत ठेवलेला खेळ

जत तालुक्यांतील माणसाला मेघ या शब्दाचें फारसें अप्रूप नाहीं. आषाढांत ते सह्याद्रीकडून येतात, आमच्या डोक्यावरून मोठ्या गांभीर्यानें पुढें जातात, आणि पाडावयाचा तो पाऊस विजापुराच्या पलीकडे कोठें तरी नेऊन पाडतात. त्यामुळें गेल्या मार्गशीर्षांत, यल्लमाच्या यात्रेच्या सुमारास, आमचा बारा वर्षांचा नातू जेव्हां म्हणाला कीं, "आजोबा, हा गेम फोनमध्यें नाहींच, तो क्लाउडमध्यें आहे," तेव्हां आमचा समज असाच झाला कीं, मेघांत आहे म्हणजे तो कांहीं आपल्या पदरांत पडावयाचा नाहीं. तो समज खोटा होता. खेळ पदरांत पडला, आणि त्याबरोबर घरांत एक लहानसें महाभारतहि घडलें. तेंच आज वाचकांस सांगावयाचें आहे.

आमच्या धाकट्या सूनबाई घरचें सर्व सांभाळून बाहेरून पदवीचा अभ्यास करीत आहेत. त्यांचा एक निबंध रात्रीं बारा वाजण्याच्या आंत फोनवरून धाडावयाचा होता. जेवणें आटोपून, भांडीं आवरून त्या साडेदहास बसल्या. हातानें लिहिलेल्या पानांचे फोटो जोडले, कळ दाबली, आणि तें सुप्रसिद्ध चक्र फिरूं लागलें तें फिरतच राहिलें. नेटवर्क गेलें असावें म्हणून प्रथम सगळे फोन घेऊन गच्चीवर चढले. तेथें थंडी मात्र भरपूर मिळाली. थोरल्या सूनबाईंच्या फोनवरून धाडावें तर त्यांच्या फोनमधील दिवसाचा शिधा मालिका पाहण्यांत आधींच संपला होता. थोरले चिरंजीव कामासाठीं सांगलीस मुक्कामाला, आणि आमचा फोन म्हणजे बटणांचा डबा. अखेर कोणाच्या तरी ध्यानांत आलें कीं, धाकट्या सूनबाईंच्या फोनचाहि २ जीबी डेटा संध्याकाळींच संपला आहे आणि वेग अगदीं गोगलगाईचा झाला आहे. जादा डेटा विकत घ्यावा हें सुचून तो कसा घ्यावा याची चर्चा चालू असतांनाच बारा वाजले. बारा वाजतांच नव्या दिवसाचा शिधा सुरू झाला आणि निबंध क्षणार्धांत गेला. परंतु मुदत टळून दहा मिनिटें झालीं होतीं. उशिराबद्दल दहा गुण कापले गेले.

शोध सुरू झाला. संध्याकाळीं नातवानें काकूचा फोन देवघराच्या कोनाड्यांत ठेवून त्यावरून आपल्या जुन्या फोनला इंटरनेट घेतलें होतें. हें त्यानें लगेच कबूल केलें. "काय उतरवून घेतलेंस?" आम्हीं विचारलें. "कांहींच नाहीं. फोनमध्यें पाहा." पाहिलें, तों खरोखरच कांहीं नाहीं. गेम नाहीं, चित्रपट नाहीं, गाणीं नाहींत. "मग २ जीबी गेले कोठें?" "मला नाहीं ठाऊक. मी अर्धा तासच खेळलों." अडतीस वर्षें वर्गावर काढलेल्या माणसाला मुलाच्या चेहऱ्यावरून खोटें ओळखतां येतें असा एक भ्रम असतो. त्या भ्रमांत आम्हीं सर्वांच्या देखत म्हटलें, "आपल्या घरांत आजवर खोटें बोलणारें कोणी निपजलें नव्हतें." पोर न जेवतां निजलें नाहीं, कारण जेवण आधींच झालें होतें, पण सकाळीं तें दूध न पितां शाळेस गेलें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं पुण्यास संगणकाचें काम करणाऱ्या पुतण्याला फोन लावला. त्यानें जें समजावून दिलें तें आमच्या शब्दांत असें.

मोठ्या खेळांतील चित्रें क्षणोक्षणीं नवीं काढावीं लागतात आणि त्यासाठीं बलाढ्य यंत्र लागतें. २०२० सालीं मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स सिरीज एक्स हें यंत्र आपल्याकडे ४९,९९० रुपयांस निघालें. शिक्षकाच्या घरांत खेळण्यासाठीं एवढी रक्कम कोण मोजणार? म्हणून अशी युक्ति निघाली कीं, यंत्र कंपनीच्या यंत्रगृहांत ठेवावें, खेळ तेथेंच चालावा, आणि खेळणाऱ्याकडे केवळ चालतें चित्र पाठवावें. येथें मुलानें पडद्यावर बोट दाबलें कीं तेवढी आज्ञा तिकडे जाते. तिकडील यंत्र मोटार डावीकडे वळवितें, वळलेल्या मोटारीचें चित्र काढतें, तें दाबून लहान करतें आणि परत धाडतें. असें सेकंदाला बहुधा साठ वेळां. फोनमध्यें खेळ नसतोच. असतो तो फक्त ब्राउझर, म्हणजे ज्यांतून आपण रेल्वेचें वेळापत्रक पाहतों तीच खिडकी. दूरदर्शनाला संजयाची उपमा देऊन आपले वक्ते दमले. येथें ती पुरत नाहीं. संजय युद्ध सांगत होता, परंतु धृतराष्ट्रानें हस्तिनापुरांत बसून "सोड बाण" म्हटल्यानें कुरुक्षेत्रांत बाण सुटत नव्हता.

आम्हांस मात्र म्हैसाळ योजना आठवली. कृष्णा आहे तिकडे मिरज तालुक्यांत; पंपांनीं तिचें पाणी टप्प्याटप्प्यानें उचलून आमच्याकडे आणावयाचें. पाणी पाहिजे त्याच्या दारीं नदी असलीच पाहिजे असें नाहीं, पण मग मधल्या प्रत्येक टप्प्याची मर्जी सांभाळावी लागते आणि शेपटाच्या गांवाला काय उरेल तें उरतें. या शेपटाच्या दुःखानेंच सीमेवरील आमच्या कांहीं गांवांनीं कर्नाटकांत जाण्याची भाषा केली, आणि २०२२ सालीं ती पुन्हां देशभर गाजली.

आतां त्रैराशिक. चित्र सुरेख दिसावयाचें तर सेकंदाला सुमारें १० मेगाबिट धार लागते असें धरूं. तासाचे ३,६०० सेकंद, म्हणजे ३६,००० मेगाबिट. आठांनीं भागलें कीं साडेचार जीबी. २ जीबीचा शिधा सत्तावीस मिनिटांच्या आंत संपणार. नातू म्हणाला होता, अर्धा तास. उत्तर बिनचूक होतें. आमची परीक्षाच चुकली होती. उतरवून घेतलेलें कांहीं उरत नाहीं म्हणून कांहीं खर्चहि होत नाहीं, असें त्या पोराला प्रामाणिकपणें वाटलें होतें. नळाखालीं हात धरून पाणी वाहूं दिलें तर घागर रिकामीच राहते, पण टांकीहि रिकामी होते, हें त्याला कोणीं सांगावयाचें होतें? घरांत सांगणारा म्हणून जो बसला आहे त्यालाच तें ठाऊक नव्हतें.

शाळेंतून आल्यावर त्याला जवळ बोलावून आम्हीं सांगितलें, "तूं खोटें बोलला नव्हतास. आमचें चुकलें." तो थोडा वेळ उगाच राहिला आणि मग म्हणाला, "पण मग काकूचे गुण?" यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

समेट झाल्यावर त्यानें फोन आमच्या हातीं दिला. वाचकहो, आम्हीं मोटार चालविली. वळण दिसतांच बोट दाबलें. मोटार किंचित् विचार करून वळली. तोंवर ती कुंपणांत होती. हें असें कां होतें? जत ते मुंबई अंतर चारशें किलोमीटरांहून अधिक. यंत्रगृह मुंबईस आहे असें समजूं. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. तेव्हां जाण्यायेण्यास सेकंदाचा शतांशहि लागत नाहीं. वेळ जातो तो टॉवरवरील गर्दींत, चित्र दाबण्यांत आणि उलगडण्यांत. सगळें मिळून एकदशांश सेकंद झाला तरी बोटाला तो समजतो. त्याहून वाईट म्हणजे हा विलंब एकसारखा नसतो. कधीं अर्धा, कधीं दुप्पट. त्याच फोनवर चित्रपट मात्र कसा सुरळीत दिसतो, हा प्रश्न थोरल्या सूनबाईंनीं विचारला आणि तो मार्मिक होता. चित्रपटाचें पुढचें पान आधींच ठरलेलें असतें, म्हणून फोन तें थोडें अगोदर मागवून साठवून ठेवतो. मधेंच धार तुटली तर त्या सांठ्यावर निभावतें. खेळाचें पुढचें चित्र तुमच्या बोटावर ठरावयाचें असतें. जें अजून घडलेंच नाहीं तें साठवावें कसें?

म्हणून कोणता खेळ दुरून खेळावा हा विवेक आहे. बुद्धिबळाचा डाव लोक पत्रानेंहि खेळत आले. एका चालीला आठ दिवस लागले तरी घोडा घोडाच राहतो. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकरांनीं नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारें ज्या खेळाची पेरणी केली तो खेळ विलंबाला भीत नाहीं. मोटार, चेंडू आणि तलवार यांचें तसें नाहीं.

ही सर्व यातायात ब्राउझरमधून कां, याचीहि एक कथा आहे. २०२० सालीं ॲपल कंपनीनें आपल्या दुकानांत असे खेळ एका पेटींत भरून आणूं देण्यास नकार दिला; प्रत्येक खेळ निराळा तपासणीस आणा, असा आग्रह धरला. तेव्हां मायक्रोसॉफ्ट, एन्व्हिडिया, गूगल या मातबरांनीं आयफोनवर दुकानाचा दरवाजा सोडून ब्राउझरची खिडकी धरली. २०२४ च्या जानेवारींत ॲपलनें तो नियम सैल केला, पण खिडकीची वाट रुळली ती रुळलीच. आपल्याकडे जिओनें असा खेळ ब्राउझरमधून देऊं केला आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें मायक्रोसॉफ्टचीहि ही सेवा हिंदुस्थानांत सुरू झाली.

शेजारच्या एका गृहस्थांनीं "सरकारनें हे ऑनलाइन गेम बंद केले ना?" असें विचारून घरांत पुन्हां धसका उडविला. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानें बंदी घातली ती पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर. द्यूताचें व्यसन काय करतें हें ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्त वाचणारास कायद्यावांचूनहि कळतें. परंतु मोटार कुंपणांत घालणें हें द्यूत नव्हे.

आम्हांस खटकतें तें निराळें. आमच्या माळ्यावर आजोबांचा सोंगट्यांचा पट आहे. कापड विरलें, दोन सोंगट्या हरवून त्या जागीं चिंचोके आले, तरी गणपतींत तो अजून मांडतां येतो. मेघांतल्या खेळाचें काय? गूगलनें २०१९ च्या नोव्हेंबरांत स्टेडिया नांवाची अशी सेवा परदेशांत सुरू केली आणि १८ जानेवारी २०२३ रोजीं ती बंद केली. कंपनीनें खेळांचे पैसे परत केले, हें तिला शोभलें. त्यापूर्वींची ऑनलाइव्ह २०१० सालीं निघाली, २०१५ सालीं मिटली. आम्हीं नातवाला विचारलें, उद्यां ही तुझी खिडकी मिटली तर तुझ्याजवळ काय राहील? तो म्हणाला, "पट माळ्यावर आहे, पण आजोबा, तो तुम्ही मला कितींदां काढून दिलात?" आणि थोडें थांबून, "पुण्याच्या दादाकडे तें मोठें यंत्र आहे. तो शाळेंतल्या गोष्टींपेक्षां त्याच्याच गोष्टी सांगतो. मला नुसतें ऐकावें लागायचें." ह्या दुसऱ्या वाक्यावर आम्ही बराच वेळ विचार करीत होतों. एकत्र कुटुंबांत एका पंक्तीस बसणाऱ्या दोन भावांमध्यें पन्नास हजारांचें अंतर केव्हां पडलें हें आमच्या लक्षांतहि आलें नव्हतें. आणि तें अर्धें तरी बुजविलें तें आम्हीं नव्हे, त्या खिडकीनें.

घरीं तंतूची जोडणी घ्यावी कीं काय, हा विषय आतां थोरल्या चिरंजिवांपुढें आहे. तोंवर नातवानें एक वही केली आहे. खेळाआधींचा आंकडा, नंतरचा आंकडा, वेळ, आणि मोटार किती वेळां अडखळली याची टीप. तीवरून त्यानें स्वतःच शोध लावला कीं, संध्याकाळीं आठाला खेळ सर्वांत वाईट चालतो आणि पहाटे पांचाला सर्वांत चांगला, कारण तेव्हां टॉवरवर गर्दी नसते. अडतीस वर्षें मुलांना ब्राह्ममुहूर्तावर उठविण्यासाठीं आम्हीं सुभाषितें खर्चीं घातलीं, त्यांपैकीं एकाचाहि असा गुण आला नव्हता.

परवां पहाटे आम्ही स्नानास उठलों तों माडीवर दिवा दिसला. धाकट्या सूनबाई दुसऱ्या निबंधाचीं पानें जुळवीत होत्या आणि शेजारीं पांघरुणांत गुंडाळलेला नातू, हातांत वही घेऊन, बसला होता. "खेळत कां नाहींस?" आम्हीं विचारलें. तो हळूच म्हणाला, "आधीं काकूचा जाऊं दे."