गोठित रेतमात्रेतील प्रतिऑक्सिडीकारके : खरी कसोटी गोठ्यातच

म्हैस एकदा उलटली की पशुपालकाचे सुमारे २१ दिवस वाया जातात. चारा, खुराक आणि श्रम मात्र थांबत नाहीत. दोष बहुधा माज ओळखण्यातील चुकीला किंवा रेतन करणाऱ्याला दिला जातो. पुष्कळदा तो रास्तही असतो. तथापि त्याचा काही अंश रेतकांडीतही दडलेला असू शकतो.

रेड्याच्या शुक्राणूंच्या पटलात बहुअसंतृप्त मेदाम्ले विपुल असतात. वीर्य उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नत्रात साठवण्यासाठी थंड करताना आणि पुढे वितळवताना क्रियाशील ऑक्सिजन घटक वाढतात व या मेदाम्लांवर आघात करतात. वीर्यद्रवातील कॅटालेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज यांसारखी संरक्षक विकरे विरलक मिसळताच विरळ होतात. मृत शुक्राणूंपासून निर्माण होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड जिवंत शुक्राणूंनाही इजा करते. म्हणूनच विरलकात जीवनसत्त्व ई, ग्लुटाथायोन, टॉरीन आदी प्रतिऑक्सिडीकारके मिसळण्याचे प्रयोग झाले असून, अनेक प्रयोगांत वितळल्यानंतरची गतिशीलता सुधारल्याचे आढळले आहे.

मात्र येथेच विवेक हवा. अल्प प्रमाणातील हेच ऑक्सिजन घटक शुक्राणूला फलनक्षम होण्यासाठी आवश्यक असतात. त्यांचा समूळ नाश करणारी अतिरिक्त मात्रा उपकाराऐवजी अपकारच करील. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली धावणारा प्रत्येक शुक्राणू फलन घडवीलच असे नाही. मात्रेत २ कोटी शुक्राणू आणि वितळल्यानंतर किमान ५० टक्के गतिशीलता ही प्रवेशाची अट आहे, यशाची हमी नव्हे.

त्यामुळे कोणतेही प्रतिऑक्सिडीकारक नित्य वापरात आणण्यापूर्वी एकाच वेळी संकलित केलेल्या वीर्याचे दोन भाग करावेत. एकात ते मिसळावे, दुसऱ्यात मिसळू नये. दोन्ही भागांच्या कांड्यांना वेगळे रंग देऊन त्या एकाच परिसरातील म्हशींसाठी वापराव्यात आणि गर्भतपासणीपर्यंतच्या नोंदी ठेवाव्यात. हे काम प्रयोगशाळेतील चाचणीपेक्षा कष्टाचे व वेळखाऊ आहे. परंतु पशुपालकाला उपयोगी पडणारे उत्तर त्यातूनच मिळेल.

तोवर मूलभूत काळजीला पर्याय नाही. उन्हाळ्यात रेड्यांना सावली, डुंबण्याची सोय व संतुलित आहार द्यावा, निकृष्ट वीर्य गोठवण्यापूर्वीच बाद करावे आणि पात्रातील द्रवरूप नत्राची पातळी कधीही खालावू देऊ नये. मुळात दुर्बल असलेले वीर्य कोणतेही रसायन सबळ करू शकत नाही. ते केवळ सबळ वीर्याची हानी कमी करू शकते.