घरातच थांबा, पण कोणत्या घरात?

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आदळले आणि मुंबई वाचली. त्या दिवशी गिरगावपासून दादरपर्यंतच्या रहिवाशांना शासनयंत्रणेकडून एकच आदेश मिळत होता : घराबाहेर पडू नका. आदेश रास्तच होता. परंतु ज्याचे बिऱ्हाड ऐंशी-नव्वद वर्षांच्या जुन्या तुळयांवर आणि लोखंडी टेकूंवर तोललेले आहे, त्याने बाहेरच्या वाऱ्याला अधिक भ्यावे की डोक्यावरच्या छताला, याचे उत्तर त्या आदेशात नव्हते.

मुंबई वाचली याचे श्रेय कोणी मुंबादेवीला दिले, कोणी महापालिकेला. दोघांचाही त्यात फारसा हात नव्हता. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर वादळ जेथे जमिनीवर चढते, त्याच्या दक्षिणेस वारा समुद्राकडून येतो आणि पाणी किनाऱ्यावर लोटतो. उत्तरेस तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. मुंबई या उत्तरेच्या बाजूस राहिली, एवढेच. तेच वादळ शंभर-सव्वाशे किलोमीटर वर, वसई-पालघरकडे वळले असते, तर समुद्र गिरगाव चौपाटी, वरळी कोळीवाडा, प्रभादेवी आणि दादरच्या किनाऱ्यावर चढला असता. आणि त्याच वेळी साडेचार मीटरची भरती असती, तर?

या प्रश्नाचे उत्तर परळ-दादरच्या माणसाला हवामानखात्याने सांगावे लागत नाही. हिंदमाता हा बशीसारखा खोलगट भाग आहे. पावसाचे पाणी पर्जन्यवाहिन्यांतून समुद्रात जाते. पण भरती वाढली की समुद्राचे पाणी आत शिरू नये म्हणून दारे लावावी लागतात, आणि मग शहराचे पाणी शहरातच तुंबते. १९८५ च्या अतिवृष्टीनंतर या व्यवस्थेच्या सुधारणेचा अभ्यास सुरू झाला, त्याचा अहवाल १९९३ मध्ये आला आणि २००५ च्या महापुरापर्यंत तो बव्हंशी कागदावरच राहिला. त्यानंतर उदंचन केंद्रे झाली. हिंदमात्यासाठी दादर आणि परळच्या मैदानांखाली साठवण टाक्याही बांधल्या गेल्या. ही कामे उपयोगाची आहेत, हे विरोधकांनीही मान्य करावे. परंतु ती पावसासाठी आहेत. वाऱ्याने उचललेल्या समुद्रासाठी नाहीत.

मुंबईला वादळाचा इतिहासच नाही, असे मानणाऱ्यांनी १८५४ आणि १९४८ ही वर्षे आठवावीत. १९४८ च्या नोव्हेंबरातील वादळाने शहराला झोडपले होते. याउलट १८८२ च्या वादळात मुंबईत एक लाख माणसे दगावल्याची जी कथा वर्षानुवर्षे छापली जाते, तिला आधार सापडत नाही. १८८१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. त्यातली लाखभर माणसे नाहीशी झाली असती, तर त्याची नोंद कोठेच नाही, असे घडते ना. लोकांना सावध करण्यासाठी खोट्या आकड्यांची गरज नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचे दाखवून दिले आहे. समुद्र तापतो आहे. एकट्या २०१९ मध्ये या समुद्रात पाच चक्रीवादळे उठली.

‘निसर्ग’ला वर्ष पुरे होण्याआधीच, १७ मे २०२१ रोजी, ‘तौक्ते’ मुंबईसमोरून गेले. ते किनाऱ्यापासून बरेच दूर होते आणि त्याच रात्री गुजरातेत दीवजवळ जमिनीवर चढले. तरीही कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत पोहोचले आणि चोवीस तासांत २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. त्याच संध्याकाळी बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा निवासी तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. सत्तरहून अधिक प्राणांस मुकली. इशारा अनेक दिवस आधी मिळालेला होता. वादळ अचानक आले, ही सबब येथे चालणारी नाही. तराफा समुद्रातच राहिला, कारण तो तेथे ठेवावा की परत आणावा हे ठरवण्याचा अधिकार त्यावर झोपणाऱ्या कामगाराला नव्हता.

हीच गोष्ट जमिनीवर गिरणगावात आहे. १९६९ साली इमारत दुरुस्तीचा कायदा झाला तेव्हा शहरात १९ हजारांहून अधिक उपकरप्राप्त इमारती होत्या. त्यांतील कित्येक कोसळल्या, कित्येक टॉवरखाली गेल्या, आणि उरलेल्यांत लालबाग-परळ-गिरगावचा श्रमिक आणि कनिष्ठ मध्यमवर्ग राहतो. दर पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, रहिवाशांना नोटिसा जातात. लोक जागा सोडत नाहीत, म्हणून त्यांना हटवादी ठरवले जाते. एकदा संक्रमण शिबिरात गेलेले कुटुंब पिढी उलटली तरी परतत नाही, हे शेजाऱ्याच्या उदाहरणावरून त्यांनी पाहिलेले असते. हा हट्ट नव्हे, अनुभव आहे. गिरण्यांच्या जमिनींचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी द्यावा, असा १९९१ चा नियम होता. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला. पाणी मुरायला मैदान आणि माणसांना पक्के घर, दोन्ही तेथे मिळू शकले असते.

शिवाय या चाळींतील माणसाचे दुसरे घर कोकणात असते. ‘निसर्ग’ने श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा टाळेबंदीत अडकलेल्या चाकरमान्याला गावी जाऊन कौलेही सावरता येईनात. शासनाने बागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपयांची मदत जाहीर केली. पण ज्याची वाडी चार-सहा गुंठ्यांची आणि सातबारा दहा भाऊबंदांच्या नावे, त्याच्या हाती हेक्टराच्या हिशेबाने काय पडणार? पोफळ धरायला पाच-सहा वर्षे जातात, नारळालाही तेवढीच.

धोकादायक इमारतींच्या यादीसोबत विभाग कार्यालयाने दुसरी यादीही लावली पाहिजे : वादळाच्या रात्री कोणत्या इमारतीतील माणसे कोणत्या महापालिका शाळेत नेली जातील, तेथे पाणी आणि शौचालयाची सोय काय, अंथरुणाला खिळलेल्यांना जिन्यावरून कोण उतरवील, आणि वादळ ओसरल्यावर त्यांच्या खोलीला त्यांचेच कुलूप राहील याची लेखी हमी कोण देईल. या शेवटच्या कलमाशिवाय लालबागची एकही चाळ रिकामी होणार नाही.