भिंतीतील ओल आणि पणग

हिंगोली, वसमत, कळमनुरी येथील पेठांतील अनेक जुनी घरे दगड, माती आणि चुना यांनी उभी राहिली. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. त्यांच्या जाड भिंती पाणी पितात आणि उन्हाळ्यात सोडूनही देतात. अडचण येते ती माडीवर नवे स्नानगृह झाल्यावर. भिंतीत दडवलेला नळ सांध्याशी पाझरतो आणि खाली गादीमागे पोपडे सुटू लागतात.

गळती बंद झाली की घाई होते ती सिमेंटचा गिलावा व तैलरंग लावण्याची. हिंगोलीचा दसरा तोंडावर असेल तर विचारायलाच नको. वस्तुतः नळ दुरुस्त झाल्याने पाणी थांबते, ओल नव्हे. एक इंच जाडीस सुमारे एक महिना, हा वाळण्याचा ढोबळ हिशेब. १८ इंची भिंतीस दीड वर्षही लागू शकते. सिमेंट ही वाट बुजवते. कोंडलेले पाणी क्षारांसह अन्यत्र फुटते आणि पांढरा लोणा धरतो. तो कोरड्या कुंच्याने झाडावा. धुतल्यास क्षार पुन्हा आत मुरतात. सुटलेला गिलावा काढून भिंत उघडी ठेवावी, कपाटे दूर सरकवावीत. प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून दोन दिवसांनी पाहावा. भिंतीकडील बाजूस दव आढळल्यास ओल आतच आहे. भिंत वाळल्यावर गिलावा चुन्याचा आणि सफेदीही चुन्याचीच.

श्रावकाच्या घरी हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. इरियावहियं सूत्रात ज्यांच्या विराधनेची आलोचना केली जाते, त्यांत ‘पणग’ आहे. म्हणजे ओलीवर येणारी बुरशी, शेवाळ. ती साधारण वनस्पतिकाय, एका शरीरात अनंत जीव. एकदा ती धरली की खरवडण्यात हिंसा आणि राखण्यात वृद्धी. म्हणून यतना आधीची हवी: गच्ची, पन्हाळी व नळांचे सांधे चातुर्मासापूर्वीच, ज्येष्ठात तपासावेत. रासायनिक फवारा हा सोपा मार्ग खरा, पण तो जीवोत्पत्तीनंतरचा आहे.

हळदीच्या व्यापाऱ्यांनी आणखी एक पाहावे. सुकवलेल्या हळदीत ओलावा दहा टक्क्यांच्या आत लागतो. ओल्या भिंतीला टेकलेले पोते तो पुन्हा शोषते आणि आतून बुरसते. वरून मात्र काहीच दिसत नाही. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून किमान हातभर दूर रचावीत, आणि ज्या भिंतीत गळती झाली होती तिच्याकडील थप्पी पुढील उन्हाळा संपेपर्यंत रिकामीच ठेवावी.