नोंद नाही, म्हणून भरपाई नाही

टाळेबंदीत गावी परतताना किती मजूर दगावले, असा प्रश्न 14 सप्टेंबर 2020 रोजी लोकसभेत आला. केंद्रीय कामगार मंत्रालयाचे लेखी उत्तर होते: अशी आकडेवारी ठेवलेली नाही, सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. चारच महिन्यांपूर्वी, 8 मे रोजी, आपल्या करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले होते. सबब!

त्यानंतर नऊ दिवसांत कामगार संहिता मंजूर झाल्या, राज्यसभेत तर विरोधी बाके रिकामी असताना. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या लागू झाल्या आणि 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा गेला. तो बराचसा कागदावरच होता, हे वस्तीत काम करणाऱ्या आम्हा साऱ्यांना ठाऊक आहे. पण त्यात विस्थापन भत्ता होता, महिन्याच्या मजुरीच्या निम्मा आणि परत न करायचा. नव्या संहितेत प्रवासभाडे राहिले, भत्ता गेला. पाच मजुरांची अट दहावर गेली. ठेकेदाराशिवाय आलेला मजूर व्याख्येत आला, हे चांगलेच झाले. पण घरकामवालीचे काय? मालकिणीचे घर ‘आस्थापना’ ठरत नाही. बीडहून कोल्हापूरला उसाला जाणारी बाई राज्याची हद्दच ओलांडत नाही आणि मुकादमाच्या वहीत कोयता नवऱ्याच्या नावाने असतो. तिला शोधायचे कुठे?

1972 च्या दुष्काळात खडी फोडायला बायका हजारोंनी आल्या. 1977 मध्ये आपल्या विधिमंडळाने रोजगार हमी कायदा केला: मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, आणि खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर. तेव्हाचे आमदार काही जास्त दयाळू होते असे मी मानत नाही. उपाशी माणसे त्यांच्याच मतदारसंघात होती, मोर्चे त्यांच्याच तहसीलवर येत होते. 2020 मध्ये राबणारी माणसे एका राज्यात आणि त्यांची मते दुसऱ्या राज्यात होती. रस्त्यावरच्या माणसाचा आमदार कोण?

ऑगस्ट 2021 मध्ये ई-श्रमची नोंदणी सुरू झाली. नोंदलेल्यांत निम्म्याहून जास्त बायका आहेत, म्हणजे निदान मोजणी झाली. आता आपल्या गटांनी हिवाळी अधिवेशनापूर्वी स्थानिक आमदारांकडे जावे, मुकादमाच्या वहीत बाईचे नाव वेगळे आणि तिची उचल वेगळी, एवढी एकच मागणी घेऊन.