कंट्रोल लावल्याशिवाय रिपोर्ट नाही : प्रयोगशाळा तंत्रज्ञांचा अखेरचा इशारा

आम्ही या पालिका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, कायम आणि कंत्राटी, सगळे मिळून प्रशासनाला जाहीरपणे बजावत आहोत. निवेदनं देऊन झाली, चर्चेच्या तारखाही घेऊन झाल्या. आता पंधरा दिवसांची मुदत आहे.

रात्रपाळीला एकच तंत्रज्ञ असतो. रक्त घ्यायचं त्यानेच, मशिन चालवायचं त्यानेच, कॅज्युअल्टीचा फोनही उचलायचा त्यानेच. तोवर नमुने रॅकमध्ये पडून राहतात. साध्या नळीत तसंच राहिलेल्या रक्तातली साखर तासाला सुमारे 5 ते 7 टक्क्यांनी उतरते आणि पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपून खोटं वाढलेलं दिसतं. त्या आकड्यावर डॉक्टर औषध लिहितात. म्हणजे मनुष्यबळात केलेली काटकसर शेवटी खाटेवरच्या माणसाच्या अंगावर येते.

याहून गंभीर गोष्ट कंट्रोलची. मशिन बरोबर मोजतंय की नाही, हे पाहायला रोज सकाळी कंट्रोल, म्हणजे मूल्य आधीच माहीत असलेला नमुना, लावायचं असतं. ते संपलं की खरेदीची फाइल फिरत राहते आणि आम्हाला सांगितलं जातं, ‘चालवून घ्या.’ डेंगीच्या दिवसांत प्लेटलेटचे आकडे असे चालवून घ्यायचे? हे ऐकून घेणं हाच आमच्या कामातला सर्वांत मोठा अपमान आहे. चांगली, हाताला सवय असलेली माणसं खासगी लॅबमध्ये निघून गेली, ती केवळ पगारासाठी नव्हे.

सुई टोचली तर एचआयव्ही प्रतिबंधाचं औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं लागतं, 72 तासांनंतर त्याचा उपयोग नाही. इथे मात्र कंत्राटी मुलीला आधी विचारतात, ‘तू कोणाची माणूस? कंत्राटदाराला कळव.’ जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम 2016 नुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची आहे, वर्षातून किमान एकदा तपासणी करायची आहे. त्यात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही. कंत्राटदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाने चुकता करायचा, हेही 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून ठरलेलं आहे. तेव्हा कंत्राटदाराकडे बोट दाखवणं बंद करा.

मुदतीत थकलेला पगार आणि पीएफचा भरणा झाला पाहिजे, रात्रपाळीला दोन तंत्रज्ञ मिळाले पाहिजेत, लसीकरण सुरू झालं पाहिजे आणि सुई टोचल्यावरचं औषध चोवीस तास कॅज्युअल्टीत उपलब्ध असलं पाहिजे. कंट्रोल आणि रिएजंटचा साठा संपण्याआधी मागवला गेला पाहिजे. हे सगळं लेखी हवं. तोंडी आश्वासन आम्ही यापुढे घेणार नाही.

तसं झालं नाही, तर सोळाव्या दिवसापासून कंट्रोल लावल्याशिवाय एकाही रिपोर्टवर आम्ही सही करणार नाही. रक्तपेढीतलं क्रॉसमॅच आणि अतिदक्षता विभागाच्या तपासण्या आमच्याकडे असलेलं कंट्रोल राखून ठेवून अखंड चालतील. बाकीचे नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवण्याची सोय प्रशासनाने आजच करावी. मेस्माचा धाक दाखवू नये. आम्ही काम थांबवत नाही, चुकीचं काम थांबवतो आहोत.

रुग्णांना आणि नातेवाइकांना हात जोडून विनंती. रिपोर्टला उशीर झाला तर खिडकीवरच्या पोरावर ओरडू नका. अधीक्षकांच्या दालनात जा आणि कंट्रोल का आलं नाही, ते त्यांना विचारा.